तलवारींची तिर्री आणि उलटे भिंग

मित्रांनो, मी भिंग आहे, आणि तेही जुने. भिंग म्हटल्यावर तुम्ही लगेच एखादा किडा शोधाल आणि मला त्याच्यावर धराल, हे मला ठाऊक आहे. खुशाल धरा. किडा होता त्याहून बारका दिसेल, आणि तुम्ही म्हणाल, ‘हे बिघडलंय.’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून आधीच सांगून टाकते. मी बिघडलेले नाही. मी लहान दाखवणारे भिंग आहे.

माझा जन्म काचा घासण्याच्या कारखान्यात झाला. लांबलचक बाकावर काचेच्या जाड चकत्या मांडलेल्या होत्या. माझ्या भावंडांची पोटे फुगीर ठेवली जात होती. मला मात्र दोन्ही बाजूंनी खोलगट घासले. शाळेत तुम्ही याला अंतर्गोल म्हणता. माझा कारागीर पाणी आणि बारीक भुकटी घेऊन दोन दिवस मला घासत होता. मधूनच तो मला खिडकीच्या उजेडात धरायचा, ‘अजून नाही’ म्हणायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता वाटते, त्याने आटोपते घेतले असते तर पुढचे काहीच घडले नसते. शेवटी मला पितळेचे कडे बसले, काळ्या लाकडाची मूठ मिळाली आणि मी चित्रांच्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले.

दुकानात माझे हाल झाले. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या एका गृहस्थांनी मला विकत नेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून आदळले. मग एका घड्याळजीने नेले, त्यानेही तेच केले. दुकानदाराने मला फळीच्या मागे सरकवले. तिथे मी वर्षभर धूळ खात होते.

एके दिवशी कोपरापर्यंत रंगाचे डाग असलेला एक माणूस आला आणि त्याने विचारले, “लहान दाखवणारं भिंग आहे का हो?” मित्रांनो, मला हवे असलेले कोणीतरी जगात आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले.

हा माणूस लेबले काढायचा. आगपेट्यांची, साबणांची, दोऱ्याच्या रिळांची. गल्लीत सगळे त्याला लेबलवाले म्हणत. लेबल असते बोटभर, पण चित्र काढायचे ते ताटाएवढ्या कागदावर. मग छापखान्यात ते लहान होई. लहान झाल्यावर त्यात काय उरेल, हे आधी कळायला हवे ना? ते मी सांगत असे. लेबलवाले चित्र भिंतीला टाचत, चार पावले मागे जात, मला डोळ्यासमोर धरत आणि मोठ्याने मोजत, “एक, दोन, तीन.” तीन म्हणेपर्यंत चित्र कळले तर ठीक. नाहीतर स्वतःलाच विचारत, “हा हत्ती आहे की उशी?” आणि खोडरबर उचलत. रागावत नसत, कंटाळत नसत. एक मोर त्यांनी अकरा वेळा काढला होता. मी पुष्कळ हात पाहिले, पण आपलेच चित्र इतक्या शांतपणे पुसणारा हात तो एकच होता.

त्यांना एक मुलगी होती. ती इतके बारीक काढायची की त्यांनी तिचे नाव मुंगी ठेवले होते. पानाच्या शिरा, शिरांवरचा दवाचा थेंब, थेंबात खिडकी, असे तिचे चाले. लेबलवाले तिच्या चित्रावर मला धरत आणि हसत. “मुंगे, सगळं गेलं बघ.”

“मग भिंग बाजूला करा ना,” मुंगी म्हणायची.

बापलेकींचा हा वाद वर्षानुवर्षे चालला. दोघांचेही बरोबर होते, हे मला फार उशिरा समजले.

पुढे लेबले यंत्रावर बनू लागली. छापखान्यातून माणसे येईनाशी झाली. लेबलवाल्यांनी मला मऊ फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवले. काही वर्षांनी ते स्वतःही गेले. फडके उंदरांनी नेले. वाळलेल्या रंगांच्या नळ्या, तुटके ब्रश आणि मी, असे आम्ही खणात पडून राहिलो. एका नळीच्या टोपणाने माझ्या कडेला ओरखडाही पडला. मोठी झालेली मुंगी त्याच टेबलाशी बसून चित्रे काढत होती आणि तिचे नाव होत होते, हे मी फक्त ऐकत होते.

त्या घरात लेबलवाल्यांची थोरली बहीण राहायची. मुंगीची आत्या. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचे एक गोल टेबल होते, आणि त्यावर ती टॅरोची पाने मांडायची. टॅरो म्हणजे चित्रांचा कॅट. अठ्ठ्याहत्तर पाने. त्यात राजे, राण्या, चंद्र, सूर्य, एक वेडा प्रवासी, आणि बाकी प्याले, नाणी, काठ्या, तलवारी. काही जण म्हणतात, ही पाने भविष्य सांगतात. आत्या तसे म्हणत नसे. “पानं सांगत नाहीत, विचारतात,” असे ती म्हणायची. गल्लीतली माणसे यायची, एखादे पान उचलायची, आणि कोणालाही न सांगितलेले तिच्यापुढे बोलून मोकळी व्हायची. सव्वीस वर्षे ते टेबल चालले होते.

तिचा जुना कॅट मात्र पार झिजला होता. कडांना लव फुटलेली, रंग उडालेले. समोर बसणाऱ्याला त्यात काही दिसेना. म्हणून आत्याने भाचीला सांगितले, “मुंगे, मला नवा कॅट काढून दे. तुझ्या हातचा.”

मुंगी हरखली. तीन महिने तिने मान वर केली नाही. पहिली वीस पाने काढली आणि छपाईच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणली. बघायला येणारा प्रत्येक जण तोंडात बोट घालत होता. प्रत्येक पानावर वेल होती. वेल तलवारींवर चढली होती, काठ्यांवर चढली होती, राण्यांच्या केसांत शिरली होती. खणात बसून मी ते कौतुक ऐकत होते आणि मनात म्हणत होते, एकदा मला बाहेर काढा.

ज्या दिवशी नवी पाने पहिल्यांदा टेबलावर आली, त्या दिवशी कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई आली होती. तिचे आणि तिच्या बहिणीचे मिळून दुकान होते. भांडण झाले, बहीण निघून गेली, आणि आता आपण तिच्याकडे जावे की नाही, हे हिला ठरवता येत नव्हते. तिने एक पान उचलले. दोन खोल्यांमधले दार नीट लागत नसे, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“काठ्यांची तिर्री,” आत्या म्हणाली. “छान पान आहे. कुणीतरी लांबून यायला निघालंय. तुम्ही वाट बघा.”

मग ती बाई हळूच म्हणाली, “पण या तलवारी आहेत ना? आणि मध्ये काळीज आहे.”

तलवारींची तिर्री म्हणजे काळजाला लागलेल्या तीन तलवारी. सगळ्या कॅटमधले सर्वांत दुःखाचे पान. काठ्यांची तिर्री म्हणजे वाट पाहणारा माणूस. या दोघांची गल्लत म्हणजे ‘लागलं का?’ असे विचारायच्या जागी ‘अभिनंदन’ म्हणणे.

“मग मी वाट बघू की नको?” बाईने विचारले.

आत्याने पाने गोळा केली आणि आज बरे वाटत नाही असे सांगून बाईला परत पाठवले.

“पानं सुंदर आहेत,” नंतर ती मुंगीला म्हणाली, “पण बोलत नाहीत.”

“सगळे तर नावाजतात.”

“नावाजतात ते भिंतीवरच्या चित्राला. मला ती टेबलावर मांडायची आहेत.”

“मग काय, आगपेटीची लेबलं काढू?”

आत्या म्हणाली, “मला वाटतं, आता बास करावं. सव्वीस वर्षं झाली. टेबल उचलून टाकू.” तिच्या आवाजावरून कळत होते की तिला टेबल उचलायचे नव्हते. ते उचलले असते तर ती दिवसभर कोणाशी बोलली असती?

मुंगी तणतणत आत आली. रंग खरवडून खोडायचे पाते शोधायला तिने खण खस्सकन ओढला, आणि मी घरंगळत पुढे आले. तिने मला उचलले. कितीतरी वेळ ती माझ्याकडे नुसती बघत होती. मग तिने तलवारींची तिर्री टेबलावर उभी केली, चार पावले मागे गेली आणि वडिलांसारखेच मोजले, “एक, दोन, तीन.”

माझ्यात तिला काय दिसले ते सांगते. हिरवट करडा पालापाचोळा. तलवार नाही, काळीज नाही, काहीच नाही. मुंगी खाली बसली आणि रडली. मला वाईट वाटले, पण मी खोटे दाखवू शकत नाही. तेवढे एकच मला येत नाही.

आता ही मुलगी बापाचीच. रडून झाल्यावर तिने नवे कागद घेतले आणि सगळे पहिल्यापासून काढले. या वेळी वेल नाही, पान नाही, थेंब नाही. जाड काळी रेघ, सपाट रंग. माझ्यातून बघितले तर ‘एक’ म्हणायच्या आत कळत होते. मी खूश होते. मुंगी आत्याकडे पाने घेऊन गेली, आणि मला वाटले, आता शाबासकी मिळणार.

आत्याने एकेक पान उचलले आणि ओळखले. एकही चुकले नाही. मग ती म्हणाली, “कळलं गं. लगेच कळलं. आणि कळून संपलं.”

“म्हणजे?”

“रस्त्यावर ‘पुढे वळण आहे’ असा फलक असतो ना, तसं झालंय. फलकाकडे बघून कुणी मनातलं बोलायला लागेल का?”

“आत्या, तुला नक्की काय हवंय? एकदा म्हणतेस बोलत नाही, एकदा म्हणतेस संपलं.” मुंगी पाने तिथेच टाकून कागद आणायला म्हणून बाहेर निघून गेली. खरे तर घरात कागदांचा ढीग पडला होता.

माझी मान तेव्हा पहिल्यांदा खाली गेली. लांबून कळणे म्हणजे सगळे झाले, असे मी जन्मभर समजत होते.

त्याच दुपारी आत्या आतल्या खोलीत आली. इकडे तिकडे बघत आली, आपल्याच घरात चोरासारखी. तिने टेबलावरून वेलींची जुनी तिर्री उचलली, मला उचलले आणि खिडकीशी जाऊन मला त्या पानावर धरले. भिंग आहे म्हणजे मोठे दाखवणार, या भोळ्या आशेने.

“हे तर आणखीनच बारीक करतंय,” ती स्वतःशी पुटपुटली. तिने मला जवळ नेले, लांब नेले, उलटे धरले. मी काय करू शकणार होते? मोठे दाखवता आले असते तर त्या दिवशी मी नक्की दाखवले असते.

दारात मुंगी उभी होती. हातात कागद नव्हतेच.

“आत्या, ते लहान दाखवतं.”

“कळलं आता.” आत्याने मला खाली ठेवले.

“मोठं कशाला शोधत होतीस?”

मुंगीने टेबलावर दोन पाने ठेवली, दोन्ही वेलींची. “यातली तलवार कुठली?”

आत्याने बराच वेळ बघितले आणि काठीवर बोट ठेवले.

मग सगळे बाहेर आले. आत्याचे डोळे अधू होऊन दोन वर्षे झाली होती. मधोमध धूसर दिसायचे, बारीक काही लागायचेच नाही. “डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही,” आत्या म्हणाली. “जुनी पानं मी वाचत नव्हतेच गं. मला ती डागांवरून पाठ होती. या पानाला चहाचा डाग, त्याचा कोपरा दुमडलेला. पण समोरच्याला काही दिसेना, म्हणून तुला नवीन मागितली. वाटलं, तुझ्या हातची आहेत, मला कळतील.”

“सांगायचं नाही का?”

“तू इतकं जीव ओतून काढत होतीस. मी काय सांगू, मला दिसत नाही म्हणून?”

मुंगीने दोन्ही पाने उचलून घेतली. मग म्हणाली, “म्हणजे टेबलाच्या दोन बाजू आहेत.”

“असतातच की.”

“तसं नाही. तुला लांबून आकार कळला पाहिजे. आणि समोरच्याला जवळून बघायला काहीतरी मिळालं पाहिजे. मी वीस पानं फक्त त्याच्यासाठी काढली, आणि नंतरची वीस फक्त तुझ्यासाठी.”

आणि मग तिने एक गोष्ट केली, जी लेबलवाल्यांनाही कधी सुचली नव्हती. तिने मला तोंडाजवळ धरले आणि माझ्यावर वाफ सोडली. मी धूसर झाले. त्या धूसर काचेतून तिने पान बघितले आणि विचारले, “असं दिसतं का तुला?” आत्याला ते कसे सांगता येणार? पण मुंगीने पुढच्या प्रत्येक पानाला हीच परीक्षा लावली.

मित्रांनो, ते आठ महिने मी विसरू शकत नाही. तलवारी सरळ उभ्या आणि निळ्या झाल्या. काठ्या तिरक्या झाल्या, टोकाला गाठ असलेल्या. प्याल्यांना पोट आले. नऊ आणि दहा मोजायला लागू नयेत म्हणून प्रत्येक आकड्याची मांडणी निराळी ठेवली. एकदा धूसर काचेतून बघून मुंगीच आत्याला म्हणाली, “या वेड्या प्रवाशाच्या हातात पिशवी कशाला आहे?” आत्या म्हणाली, “तूच काढलीस, तुलाच माहीत.” तो कुत्रा होता. कुत्र्याला चांगले लांब शेपूट मिळाले, तेव्हा कुठे तो पास झाला. आकार पक्का झाला की मग मुंगी आपल्या जुन्या वळणावर जायची आणि आत बारीक काम भरायची, पण आकाराच्या हद्दीत. वेल आली, तीही आता काठीच्या सालीतून फुटलेली. प्रवाशाच्या कुत्र्याच्या डोळ्यात एक छोटी खिडकी होती. ती मला कधीच दिसली नाही, मी फक्त ऐकले आहे. किती वेळा पुसले, किती वेळा काढले, त्याची मोजदाद नाही. बापाचा शांत हात आणि स्वतःची बारीक नजर, दोन्ही त्या मुलीत एकत्र आली होती, आणि मी त्याची साक्षीदार होते, याचा मला अभिमान आहे.

तलवारींची तिर्री तिने सगळ्यांत शेवटी काढली. लांबून तीन निळ्या तलवारी आणि एक लाल काळीज. आंधळ्या वाफेतूनही चुकणार नाही असे. मग बारकी पेन्सिल घेऊन ती काळजात काहीतरी करत बसली.

कॅट पुरा झाल्यावर आत्याने स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईला निरोप धाडला. ती आली. तिची बहीण आलेली नव्हती. ही अजून वाटच बघत होती. मुंगी मला हातात घेऊन दाराशी उभी राहिली.

“त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं,” आत्या म्हणाली. “मला बारीक दिसत नाही. तेव्हा बोलायला लाज वाटली, पण तुमचे इतके महिने गेले त्याचं काय? आज पान तुम्ही काढू नका. तेच पान मी देते.” तिने कॅट टेबलावर पसरला, त्यावरून एकदा नजर फिरवली आणि अठ्ठ्याहत्तर पानांतून बरोबर ते उचलून समोर ठेवले. “तलवारी. तीन. आणि काळीज. लागलंय, हे मला दिसतं. यापुढचं मला दिसत नाही. ते तुम्ही बघून सांगा.”

बाई वाकली. आणखी वाकली. “इथे टाके आहेत,” ती म्हणाली.

“कुठे?”

बाईने आत्याचे बोट धरून पानावर ठेवले. “इथे. तलवारींच्या खाली. कुणीतरी काळीज शिवायला घेतलंय. पण हा धावदोरा आहे, कच्ची शिलाई. नुसती जागा धरून ठेवायला घालतात ती. पक्की टीप अजून मारायची आहे. आणि ही बघा, सुई तशीच लटकतेय.”

“कोणी मारायची टीप?”

बाईने सुईच्या दोऱ्यावरून बोट फिरवले. मग डोळे पुसत म्हणाली, “सुई माझ्या बाजूला आहे.” ती उठली, पायांत चपला घातल्या आणि बहिणीचे घर ज्या बाजूला होते, त्या बाजूला गेली.

आत्याने दाराकडे तोंड वळवले. “मुंगे, तू कच्ची शिलाई मुद्दाम काढलीस?”

“नाही गं,” मुंगी म्हणाली. “मला तेवढीच येते.”

आत्या हसली. टेबल जिथे होते तिथेच राहिले, आणि आजही आहे. आता आत्या प्रत्येकाला आधी आपल्याला दिसते ते सांगते, आणि मग विचारते, “तुम्हाला काय दिसतं?”

मित्रांनो, माझे आता वय झाले. कडेला ओरखडा आहे, मूठ सैल झाली आहे. तुमच्याकडे माझे फार मागणे नाही. एखादी वस्तू तुमच्या मनासारखी वागली नाही, तर ती फेकण्याआधी ती कशासाठी केली आहे ते कोणाला तरी विचारा. चित्र काढाल तेव्हा चार पावले मागे जाऊन बघा, आणि मग पुन्हा जवळ या. नुसते मागेच उभे राहू नका. ती चूक मी केली आहे. आणि घरात कोणी पान डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, तर त्यांना कसे दिसते ते आपणहून विचारा. ती माणसे स्वतः सांगत नाहीत.

मुंगी अजूनही प्रत्येक नव्या चित्राच्या वेळी माझ्यावर वाफ सोडते. धूसर व्हायला मला आवडते. फक्त नंतर पुसताना मऊ फडके घ्या.